टायरावरची पांढरी रेघ

मित्रांनो, मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुम्ही धावत येता आणि ज्याच्यावरून उड्या मारता, तो मी. मी एक जुना टायर आहे. अर्धा मातीत, अर्धा वर. अंगाला पिवळा रंग आहे, तोही तुमच्या बुटांनी निम्मा खरवडून काढलाय. काल तुमच्यातला एक जण माझ्यावर बसला आणि गळ्यात निळी पाण्याची बाटली अडकवलेल्या मैत्रिणीला म्हणाला, "हा टायर इथे कुठून आला असेल गं?" ती म्हणाली, "भंगारातून. अजून कुठून?"

मला राग आला. मी भंगारातून आलेलो नाही. मी कोर्टाची पायरी चढलेल्या गाडीचा टायर आहे. पायरी गाडी चढली नाही, तिचा मालक चढला, पण माझ्यामुळे चढला. बसा, सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या रबराला तारांचा सांगाडा घातला, तापलेल्या साच्यात दाबले आणि बाहेर काढले. अंगावर रबराचे बारीक केस होते आणि नक्षी इतकी खोल, की तुमचे बोट पेरभर आत जावे. आम्हा चौघा भावांना फर्निचर वाहणाऱ्या एका मोठ्या टेंपोला बसवले. कपाटे, पलंग, गाद्या सगळे वाहिले. त्या मालकाने कधी हवा तपासली नाही की कौतुकाने हात फिरवला नाही. पुढे टेंपो मोडीत निघाला आणि आम्ही चौघे टायरवाल्याच्या दुकानात खुंटीला लटकलो. खुंटीवरचे दिवस फार वाईट. रस्ता नसला की टायर म्हणजे नुसते वेटोळे.

तिथून मला खाली उतरवले ते एका काचवाल्याने.

हा काचवाला घरांच्या खिडक्यांना, दुकानांच्या दारांना काचा बसवायचा. स्वभावाने भिडस्त, बोलायला कमी, आणि गाडी चालवायला इतका सावकाश की सगळी गल्ली त्याला गोगलगाय म्हणायची. तोंडावर म्हणायची. त्याला वाईट वाटत नसे. "गोगलगायीच्या गाडीत आजवर एक काच तडकलेली नाही," असे तो वर छाती पुढे काढून सांगायचा.

त्याच्या कामाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर तो कधीही काच कापत नसे. "माप कुणी घेतलं?" हा त्याचा पहिला प्रश्न. कुणीही घेतलेले असो, हा टेप खिशात घालून स्वतः जायचा, खिडकीपाशी उभा राहून मोजायचा आणि मगच हत्यार हातात धरायचा. कापलेली काच पुन्हा वाढवता येत नाही, असे तो म्हणे.

त्याच्या गाडीला बाहेरच्या बाजूने लोखंडी चौकट होती. तिच्यात काचा उभ्या बांधायच्या. त्याच्या काचकामाच्या कारखान्याच्या फाटकात एक उंचवटा होता. तिथे गाडीचे पोट घासायचे आणि काचा थरथरायच्या. टायरवाला म्हणाला, "हे घ्या. तुमच्या टायरपेक्षा दोन मापं मोठे आहेत. गाडी उंच होईल, दणका लागणार नाही." काचवाल्याने चारही जुने टायर काढून आम्हाला बसवले. पोटाखालची स्टेपनी तेवढी जुन्या मापाची राहिली. आणि गंमत बघा, दुनियेचे माप स्वतः घेणाऱ्या या माणसाने आमचे माप मात्र दुकानदाराच्या तोंडून घेतले.

मला पुढे, फुटपाथच्या बाजूला जागा मिळाली. ते माझे सुखाचे दिवस. फाटकातला उंचवटा आम्ही अलगद ओलांडायचो. काचा गप्प बसायच्या. काचवाला संध्याकाळी माझ्या खाचांत अडकलेले खडे काढायचा आणि म्हणायचा, "शाब्बास रे." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला शाब्बास म्हणत होते.

त्याच्या शेजारी रोज त्याच्या सासूबाई बसायच्या. काच बसवून झाली की तिच्यावरचे बोटांचे ठसे आणि काच चिकटवायच्या लांबीचे, म्हणजे त्या पुटीचे, डाग पुसायचे काम त्यांचे. हात चालत नसला की तोंड चालायचे. "जावईबापू, मी चालत निघाले असते तर आतापर्यंत पोचून माझा चहासुद्धा झाला असता," हे त्यांचे रोजचे वाक्य. जावई किती हळू जातो ते पकडण्यासाठी त्या वेगाच्या काट्यावर डोळा ठेवून बसत. शिक्षक कॉपी करणाऱ्यावर ठेवतात ना, तसा.

आता त्या काट्याचे सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. तो काटा रस्ता बघत नाही. चाकाचे फेरे किती झाले ते बघतो आणि त्यावरून वेग सांगतो. तो शिकला होता जुन्या लहान टायरच्या हिशेबाने. माझा एक फेरा जुन्याच्या फेऱ्यापेक्षा वीतभर लांब. म्हणजे काटा चाळीस म्हणायचा तेव्हा रस्ता माझ्या अंगाखालून शेहेचाळीसने पळत असायचा. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होते. रस्ता माझ्याच अंगाखालून जातो, मला न कळून कसे चालेल? पण टायरला तोंड कुठे असते?

मग तो दिवस आला. दुपारची वेळ. तुमच्या याच शाळेचा हा उतार. इथे चाळीसची मर्यादा आहे, पाटी तुम्ही पाहिलीच असेल. काटा बरोबर चाळीसला टेकला होता. सासूबाई म्हणाल्या, "चला, चाळीस तरी झाले. आज सूर्य कुठे उगवला?" पुढे रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपाशी एक लहान मुलगी उभी होती. तिने एक पाऊल रस्त्यावर टाकले, आमच्याकडे पाहिले आणि ते पाऊल मागे घेतले. "भित्री कुठली! गोगलगायीला घाबरली," असे म्हणून सासूबाई हसल्या. त्या हसत होत्या तोवर पुढच्या वळणावर हवालदाराने हात केला.

त्याच्या हातातल्या यंत्रात शेहेचाळीस आकडा होता.

"शक्यच नाही," काचवाला म्हणाला. इतका मोठा आवाज त्याने कधी काढला नव्हता. सासूबाई तर खाली उतरल्या. "अहो साहेब, हा माणूस! हा वेगात? मी स्वतः काटा बघत होते!"

हवालदार भला माणूस होता. त्याने चौकटीतल्या काचा पाहिल्या, तावातावाने बोलणाऱ्या सासूबाई पाहिल्या. "आजवर एकही गुन्हा नाही तुमच्यावर," तो म्हणाला. "शाळेसमोर वेग मोडल्याचा गुन्हा लिहिला तर तीन महिने लायसन जाईल. तो लिहीत नाही. साधा वेग लिहितो. भरून टाका आणि विसरून जा."

कुणी दुसरा असता तर हात जोडून निघाला असता. आमच्या काचवाल्याला ती दया झोंबली. न केलेल्या गुन्ह्यात सूट घ्यायची, म्हणजे गुन्हा केला असे म्हणायचे. तो रात्रीच जेवताना बायकोला म्हणाला, "मी कोर्टात जाणार."

हे मला दुसऱ्या दिवशी कळले, कारण भांडण कारखान्यात येऊन पुन्हा झाले. त्याची बायको कापलेल्या काचांच्या धारदार कडा दगडाने घासायची. हातातला दगड खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. गल्लीत कुणाला कळलेलं नाही. गुपचूप भरा. कोर्टात हरलात तर सूट जाईल, शाळेचा गुन्हा उभा राहील, लायसन जाईल. वाचनालयाच्या सगळ्या खिडक्यांचं काम आपण घेतलंय. काचा काय डोक्यावरून नेणार?"

"कर नाही त्याला डर कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू कालपर्यंत यांना नावं ठेवत होतीस!"

"ठेवत होते. हळू चालवतो म्हणून ठेवत होते. तो हळू चालवतो हे माझ्याइतकं छातीठोकपणे सांगणारं दुसरं कोण आहे? मी साक्ष देणार."

काचवाला सासूबाईंकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलल्या होत्या. मला वाटते, त्याचा निर्णय तिथेच झाला. त्याने वकीलबाई गाठल्या. त्यांनी सांगितले, "साक्ष चांगली आहे, जिंकू. पण विचार करा. तारखेच्या दिवशी तुमच्या नावाचा पुकारा होईपर्यंत सवलतीचा दंड मान्य करता येईल. पुकारा झाला की सवलत संपली."

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दोन सच्ची माणसे शपथेवर जाऊन खोटे बोलणार होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी ओरडून सांगावे तर आवाज नाही. आणि खरे सांगू? सत्य बाहेर आले असते तर माझी जागा गेली असती. पुन्हा ती खुंटी. संध्याकाळी काचवाला खडे काढायला वाकला की मला वाटायचे, बघ, नीट बघ माझ्याकडे. आणि त्याच वेळी वाटायचे, नको बघू.

तारखेचा दिवस उजाडला. काचवाला आणि सासूबाई कारखान्याच्या दारात तयार होऊन उभे होते. निघायला वेळ होता, म्हणून साक्षीची उजळणी चालली होती. काचवाला समोरच्या वकिलासारखा उभा राहिला.

"तुम्ही गाडीचा वेग पाहिला?"

"पाहिला. चाळीस."

"वेग पाहिला, की काटा पाहिला?"

"काटाच पाहणार ना! वेग काय दिसतो होय?"

"मग चाळीस हे माप कुणी घेतलं?"

"काट्यानं घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "मला काट्यानं सांगितलं, मी कोर्टाला सांगणार."

काचवाल्याने पुढचा प्रश्न विचारलाच नाही.  त्याने आधी गाडीतल्या काट्याकडे पाहिले, आणि मग सावकाश वाकून माझ्याकडे पाहिले.

तो काही न बोलता आत गेला आणि खडू घेऊन आला, काचेवर खुणा करायचा तो. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ मारली. तिच्या खाली जमिनीवर दुसरी रेघ. बायकोला म्हणाला, "गाडी ढकल. हळू." तिघांनी मिळून गाडी ढकलली. माझा एक फेरा पुरा झाला, रेघ पुन्हा जमिनीला लागली. तिथे त्याने तिसरी रेघ मारली. मग गाडीखाली झोपून स्टेपनी सोडवली. तिच्यावरही खडूची रेघ मारली आणि त्याच पहिल्या खुणेपासून ती हाताने गडगडवत नेली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "जावईबापू, कोर्टात जायचंय की खेळायचंय?"

स्टेपनीचा फेरा संपला. माझी खूण अजून पुढे होती.

काचवाल्याने खिशातून टेप काढला खरा, पण उघडला नाही. हाताचा पंजा पसरून जमिनीवर ठेवला. अंगठा एका रेघेवर, करंगळी दुसरीवर. पूर्ण वीत भरली.

"एका फेऱ्याला एवढं," तो म्हणाला.  "हवालदाराचं यंत्र बरोबर होतं. मी शाळेसमोरून शेहेचाळीसनं गेलो."

 सासूबाई जमिनीवरच्या रेघांकडे बघत म्हणाल्या, "ती पोरगी भित्री नव्हती. तिनं पाऊल मागे घेतलं म्हणून..."  त्या पायरीवर बसून राहिल्या.

बायको भानावर आली. "अहो, उठा! पुकारा व्हायच्या आत पोचा. सवलत मान्य करून मोकळे व्हा. लायसन वाचेल."

स्टेपनी तशीच मागे टाकून दोघे निघाले. आता वेळ उरली नव्हती. पण काचवाल्याला काट्यावर भरवसा राहिला नव्हता, त्यामुळे काटा तिसाच्या वर जाऊ देईना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी फिरत होतो आणि मनात म्हणत होतो, आज तरी पळव. सासूबाई घड्याळ बघत होत्या, पण रोजचे वाक्य काही त्यांच्या तोंडून आले नाही.

आणि आलो तुमच्या शाळेपाशी. पट्ट्यांच्या अलीकडे तुमच्या एका वर्गाची रांग उभी होती, पुढे बाई. काचवाल्याने गाडी थांबवली. रांग निघाली. संपता संपेना. एकाच्या बुटाची नाडी सुटली, तो रस्त्याच्या मधोमध बांधायला बसला. कुणीतरी परत वळून पडलेला रुमाल उचलला. कोर्टाची वेळ जवळ येत होती. तरी गाडी तसूभर पुढे सरकली नाही. शेवटचे मूल पलीकडच्या फुटपाथवर चढले तेव्हाच आम्ही हललो.

कोर्टाच्या आवारात वकीलबाई धावत आल्या. "होतात कुठे? पुकारा झाला! सवलत गेली. आता शाळेचा गुन्हा उभा राहिलाय." काचवाला उतरला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याने त्यांना माझ्या अंगावरची खडूची रेघ दाखवली आणि सगळे सांगितले.

वकीलबाईंनी इकडेतिकडे पाहिले. आवाज खाली केला. "टायरचं कुणी विचारणार नाही. मावशींनी एवढंच सांगायचं, काटा चाळीसवर होता. ते खोटं आहे का? नाही ना? मग झालं. लायसन वाचेल."

ते खोटे नव्हते. हीच तर खरी अडचण होती. काचवाला सासूबाईंकडे बघत होता आणि सासूबाई माझ्याकडे. मग तिघेही आत गेले, आणि मी बाहेर उभा राहिलो.

मित्रांनो, वाट बघणे टायरला नवे नाही. आमचे निम्मे आयुष्य उभे राहण्यात जाते. पण त्या दिवसासारखे उभे राहणे माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही. आत काय चालले आहे ते दिसत नव्हते. माणसे दारातून येत होती, जात होती. खडूची रेघ उन्हात चमकत होती. पाऊस आला आणि ही पुसली तर, असेही माझ्या मनात येऊन गेले. आभाळ तर अगदी कोरडे होते. भीती वाटू लागली की डोके असे चालते.

शेवटी सासूबाई एकट्या बाहेर आल्या. गाडीला टेकल्या आणि मुलीला फोन लावला.

"हं, झालं. नाही, मी काहीच बोलले नाही. मला उभं करायच्या आधीच त्यानं हात वर केला. म्हणाला, 'साहेब, काटा चाळीसवर होता, पण गाडी नव्हती.' सगळं सांगितलं गं. टायर, खडू, वीत, सगळं. साहेब म्हणाले, खरं बोललात ते चांगलं केलंत, पण गुन्हा गुन्हाच आहे. दंड झाला. आणि तीन महिन्यांऐवजी एक महिना. हो, लायसन ठेवून घेतलं." मग त्या माझ्यावरच्या रेघेकडे वळल्या.  "मी त्याला आजवर काय काय बोलले गं. आणि शेवटपर्यंत कुणाला दोष नाही दिला त्यानं. टायरवाल्यालासुद्धा नाही. बरं, तू ये. गाडी घरी न्यायला आता तूच आहेस."

बायकोकडे लायसन होते, पण काचांची गाडी नवऱ्याने तिच्या हाती कधी दिली नव्हती. ती आली, बसली, आणि आम्हाला कारखान्यात घेऊन आली, एकदाही गचका न देता. दुसऱ्याच दिवशी योग्य मापाचे टायर आले आणि महिनाभर तिनेच वाचनालयाच्या काचा वाहिल्या. एकही तडकली नाही. गल्लीतले लोक विचारू लागले, मग इतकी वर्षे ही गाडी का नव्हती चालवत? 

माझे तीन भाऊ टायरवाल्याकडे परत गेले. त्या दुकानाच्या दारावर आता मापाचा तक्ता लावलेला आहे म्हणे. मला मात्र काचवाल्याने परत दिले नाही. तुमच्या मोठ्या बाईंची परवानगी काढून त्याने मला या उताराकडच्या कुंपणापाशी पुरले. सासूबाईंनी पिवळा रंग दिला आणि खडूच्या रेघेवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. ती पांढरी रेघ कसली, असे तुम्ही विचारता ना, ती ही.

मित्रांनो, पुढे तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. गाडी धुवाल, पुसाल, तिचे फोटो काढाल. पण चाकांकडे कोण बघतो? तेव्हा कधीतरी खाली वाका. हवा बघा, माप बघा, खाचांतले खडे काढा. काट्यावर विश्वास जरूर ठेवा, पण तो कुणाच्या मापावर बोलतो आहे ते एकदा विचारा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्ही विचारल्याशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही.

शाळा सुटताना ती काचांची गाडी अजूनही रोज इथून जाते. काचवालाच चालवतो. काटा पस्तिसावर असतो, आणि आता तो खरे बोलतो. तरी पट्टे जवळ आले की खिडकीतून सासूबाईंचा आवाज येतो, "जावईबापू, अजून जरा हळू."

आणि निळ्या बाटलीवाल्या बाळा, एक गोष्ट तुझ्यासाठी राहिली. त्या दुपारी पट्ट्यांवर टाकलेले पाऊल मागे घेतलेस, ती तूच. तुला आठवत नसेल. तुझी निळी बाटली माझ्या अगदी जवळून गेली, वीतभर अंतरावरून. म्हणून तू रोज येऊन माझ्यावरून उडी मारतेस ना, तेव्हा मला फार बरे वाटते. घंटा झाली बघ. ये, मार उडी, आणि खुशाल मला भंगार म्हण.